चोविसावा डबा

दिवाकर गायधनींच्या जेल रोडवरच्या ब्लॉकमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला चहाच्या आधी रेल्वेचे डबे बघावे लागत. यातून कुणाची सुटका नव्हती. विम्याचा एजंट असो, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असो, नाहीतर श्यामलाबाईंच्या माहेरचं कुणी असो. दिवाकरराव त्याला दंडाला धरून बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटासमोर उभं करत आणि एक नंबरपासून सुरुवात करत. तेवीस नंबरपर्यंत पोचायला पाऊण तास लागे. विम्याच्या एजंटांनी पुढे पुढे ती बिल्डिंगच सोडून दिली होती, आणि त्याबद्दल बाकीची बिऱ्हाडं दिवाकररावांची मनातून आभारी होती.

डबे त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेले. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, आगपेटीच्या काड्या आणि चाकांच्या जागी कोटाची बटणं. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. एवढ्या वर्षांत त्यांनी कालव्याच्या नकाशाची घडीसुद्धा कधी वाकडी घातली नव्हती, आणि तीच शिस्त त्यांनी डब्यांना लावलेली. प्रत्येक डब्यापुढे एक पांढरं कार्ड, त्यावर बोरूनं वळणदार अक्षरात डब्याचा प्रकार, आत माणसं किती बसतात, आणि तो कुठं पाहिला. ज्याचं नाव ठाऊक नाही तो डबा कपाटात जात नसे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळे डबे एकाच बाजूनं रंगवलेले होते. कपाट भिंतीला लागून, मग मागची बाजू करायची कुणासाठी? पुढून बघावं तर हुबेहूब गाडी, आणि मागून बघावं तर भद्रकालीतल्या साडीच्या दुकानाचं नाव. पण मागून बघायची वेळ श्यामलाबाईंखेरीज कुणावर येत नसे, आणि धूळ पुसताना त्या फार विचार करत नसत.

तर एक्क्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, एका सकाळी दिवाकरराव नाशिक रोड स्टेशनचा पूल ओलांडून बस पकडायला चालले होते. पलीकडच्या शेवटच्या रुळावर एक एकटाच डबा उभा दिसला. नुकताच कारखान्यातून रंग लावून आलेला. अंगावर ना अक्षर, ना आकडा. सारख्या अंतरावर नऊ रुंद खिडक्या. प्रत्येक खिडकीला काचेच्या आतून एक आडवी दांडी. दोन टोकांना दोन दरवाजे आणि दरवाज्यांशेजारी एकेक दुधी काच. इथपर्यंत ठीक होतं. पण खिडक्यांच्या मागं बाक नव्हते, बर्थ नव्हते, काहीच नव्हतं. प्रवाशानं बसायचं कुठं, याची त्या डब्यात सोयच दिसेना.

दिवाकरराव पुलावर थांबले. हा प्रकार त्यांच्या तेविसांत नव्हता. खिशात किरकोळ रजेचा कोरा अर्ज होता, त्याच्या पाठीवर त्यांनी डबा काढून घेतला. बस चुकली, कचेरीत लाल शेरा बसला, आणि तो अर्ज रजेसाठी वापरायचा तर त्याच्या मागं डबा. सुरुवातच अशी झाली म्हटल्यावर शहाण्या माणसानं ओळखायला हवं होतं.

दोन महिने खपून त्यांनी चोविसावा डबा तयार केला. दांड्यांसाठी श्यामलाबाईंच्या स्वेटर विणायच्या सुईची एक जोडी कामी आली. त्याबद्दल त्या चार दिवस बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "छान झालाय. नाव काय त्याचं?"

तिथंच घोडं अडलं होतं. मार्चच्या शेवटी कॉलनीच्या मित्रमंडळाचं छंद-प्रदर्शन होतं. मधलं मोठं टेबल दिवाकररावांना मिळालं होतं, आणि कार्ड कोरं होतं.

पहिले खालच्या मजल्यावरचे पुंजाराम आव्हाड आले. पुंजारामभाऊ चांदवडकडचे, कांद्याचे व्यापारी. जगातली कुठलीही गोष्ट दाखवली तरी तिच्यात कांदा किती मावेल हा हिशेब त्यांच्या डोक्यात आधी होई. कपाटासमोर उकिडवे बसून त्यांनी डबा निरखला आणि मान डोलवली.

"ह्यो कांद्याचा हाय."

"पुंजारामभाऊ, हा प्रवासी डबा आहे."

"खिडक्या बघा ना साहेब. सारख्या सारख्या. कांद्याला अशीच हवा लागती. न्हाय तर सडतो."

"अहो, पण माझ्या डोळ्यांनी बघितलाय. माणसांचाच आहे."

"मंग मानूस बसतो कुठं?" पुंजारामभाऊंनी शांतपणे विचारलं. दिवाकररावांना तो प्रश्न फार लागला, कारण तोच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून झालेला होता आणि कांदेवाल्याच्या तोंडून तो आणखीच बिनतोड वाटत होता.

मग वरच्या मजल्यावरचे सावळीराम पगारे सर उतरले. सर शाळेत गणित शिकवत आणि आंबेडकर जयंतीला त्यांचं भाषण ऐकायला देवळालीहून लोक येत. सर्व गोष्टी पुराव्यानिशी मांडायच्या, हा त्यांचा बाणा. त्यांनी खिडक्या मोजल्या, दांड्या मोजल्या आणि चष्मा पुसला.

"दिवाकरराव, आपण राहतो कुठं? जेल रोडवर. खिडक्यांना काय आहे? गज. बसायला जागा नाही. अनुमान उघड आहे. कैद्यांचा डबा."

"सर, एका खिडकीला एकच दांडी आहे. तीही आडवी. यातून कैदी पळून जाणार नाही?"

सरांनी थोडा विचार केला. "साधी कैद असेल," ते म्हणाले.

आठवड्याभरात बिल्डिंगमध्ये पाच मतं झाली. कुणी म्हणालं, हा इस्पितळाचा डबा. कुणी म्हणालं, परदेशी पाहुण्यांना उभ्यानं देखावे बघायचा. तळमजल्यावरच्या विमलाबाईंनी तर यात प्रेतं नेतात, त्यांना बसायला जागा कशाला, असं सांगून सगळ्यांची जेवणं बिघडवली. दिवाकरराव प्रत्येकाचं ऐकून घेत आणि प्रत्येकाशी भांडत. रात्री श्यामलाबाई म्हणाल्या, "अहो, अण्णांना का विचारत नाही? ते तर रोज पहाटे गाडीवर असतात."

"अण्णाला रेल्वेतलं काय कळतंय?" दिवाकरराव एकदम म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले बंधू ढुंढिराजशास्त्री, पंचवटीतले तीर्थोपाध्याय. दिवाकररावांहून बारा वर्षांनी मोठे. घराण्याची वृत्ती सोडून दिवाकररावांनी सरकारी नोकरी धरली, तोवर अण्णा काही बोलले नाहीत. पण नऊ वर्षांपूर्वी दिवाकररावांनी पंचवटीतलं बिऱ्हाडही हलवलं आणि जेल रोडला ब्लॉक घेतला, ते अण्णांच्या मनाला लागलं. वास्तुशांतीला त्यांनी दुसरे गुरुजी पाठवले. स्वतः आले नाहीत. तेव्हापासून नऊ वर्षांत त्यांनी या ब्लॉकचा जिना चढला नव्हता. सणावाराला हीच दोघं पंचवटीला जात. अण्णा पाट मांडायला सांगत, प्रवासाची चौकशी करत, अगदी परगावच्या यजमानाची करावी तशी. ते दिवाकररावांना फार टोचे. भांडले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे. आणि भावाचं नाव निघालं की त्यांच्या बोलण्याला उगाच धार येई.

म्हणून अण्णांना न विचारता त्यांनी रेल्वेला विचारायचं ठरवलं. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी डब्याचा नंबर मागितला. नंबर नाही म्हटल्यावर गाडीचं नाव मागितलं. गाडी नव्हती, एकटाच उभा होता, असं सांगितल्यावर त्यांनी दिवाकररावांकडे नीट बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. पलीकडच्या रुळावर जाऊन बघावं तर डबा कधीच निघून गेलेला. तिथं एक शेळी चरत होती.

मग त्यांनी लेखी अर्ज केला. तीन प्रती, समासासह, कचेरीच्या भाषेत. विषय: माझेजवळील प्रवासी डब्याचा प्रकार कळविणेबाबत. सोबत चित्र जोडलं. एकवीस दिवसांनी रेल्वेच्या कुठल्याशा कचेरीतून उत्तर आलं. दिवाकररावांनी ते उभ्यानं वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

'आपल्या अर्जावरून असे दिसून येते की, आपल्या ताब्यात एक प्रवासी डबा आहे. सदर डबा आपण कोणत्या साइडिंगवर, कोणाच्या परवानगीने व कोणत्या तारखेपासून उभा केला आहे, याचा खुलासा सात दिवसांचे आत करावा. तोपर्यंत डबा हलवू नये.'

"हलवू नका हं," श्यामलाबाई म्हणाल्या. "मी धूळसुद्धा पुसत नाही."

दिवाकररावांनी खुलासा पाठवला की डबा पुठ्ठ्याचा असून लांबी चौदा इंच आहे. त्यावर उत्तर आलं की या लांबीचा डबा रेल्वेच्या नोंदीत नाही. हे दुसरं पत्र आलं त्या दिवशी दिवाकररावांच्या मनात एक विचार चमकून गेला. इतके दिवस आपण लाजत होतो की आपल्याला नाव सापडत नाही. पण नाव नसेलच तर? कांदेवाल्याला माहीत नाही, मास्तरांना माहीत नाही, खुद्द रेल्वेच्या नोंदीत नाही. म्हणजे हा डबा भारतात फक्त दिवाकर गायधनींनी पाहिला. अपमानाचं असं एका दुपारीत अभिमानात रूपांतर झालं, आणि माणूस बिघडायला तेवढं पुरतं.

स्थानिक दैनिकात गोरक्ष नावाचा एक तरुण वार्ताहर होता. बातम्यांच्या दुष्काळात तो एकदा कपाटासमोर उभा राहिला आणि पाऊण तास न हलता ऐकत बसला. असा श्रोता दिवाकररावांना जन्मात मिळाला नव्हता. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा डबा कुठल्या प्रकारचा ते कुणीही सिद्ध करून दाखवावं. माझे चोवीसच्या चोवीस डबे मी त्याला देऊन टाकीन."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य जाड टाइपात छापून आलं. 'रेल्वेलाही ठाऊक नसलेला डबा जेल रोडवर!' असा मथळा, आणि खाली ती प्रतिज्ञा. पगारे सर अंक घेऊन आले.

"दिवाकरराव, हे लिहून देण्याआधी एकदा बोलायचं होतंत."

"लिहून कुठं दिलं? बोललो."

"आता छापून आलंय. कुणी ओळखला तर?"

"ओळखणार कोण?" दिवाकरराव म्हणाले. पण सर गेल्यावर ते बराच वेळ कपाटासमोर उभे राहिले. अकरा वर्षांचं काम होतं ते. सात नंबरच्या डब्याच्या वेळी त्यांना कावीळ झाली होती, आणि अंथरुणात बसून त्यांनी त्याच्या खिडक्या कापल्या होत्या. पण बातमीचं कात्रण समोर होतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि बरं वाटलं.

प्रदर्शन चार दिवसांवर आलं तेव्हा दिवाकरराव चोविसावा डबा बुटाच्या खोक्यात घालून पंचवटीला निघाले. अण्णांना आमंत्रण द्यायला, असं ते बायकोला म्हणाले. खरं म्हणजे त्यांना अण्णांनी कात्रण वाचलेलं बघायचं होतं. सगळं नाशिक आपल्याला मानतं आणि आपला भाऊ मात्र पाटावर बसवून प्रवास कसा झाला विचारतो, हे कुठंतरी मोडायचं होतं.

अण्णा ओसरीवर लाल कापडात बांधलेली वही सोडून बसले होते. यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं त्या वह्यांत. समोरचा खानदेशातला म्हातारा नुकताच आपल्या पणजोबांची सही बघून डोळे पुसत उठला होता. अण्णांनी कात्रण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "दाखव."

दिवाकररावांनी डबा पाटावर ठेवला. अण्णांनी त्याला हात लावला नाही. ते यजमानाला विचारतात तसे विचारू लागले. त्यांना दुसरी पद्धत माहीतच नव्हती. यजमानाला त्याचं नाव ते कधी आधी विचारत नसत. नाव सगळ्यात शेवटी, वहीत सापडल्यावर आपण सांगायचं.

"आला कुठून?"

"कारखान्यातून. नवा रंग होता."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. एकटाच."

"तोंड कुणीकडे होतं?"

"अण्णा, डब्याला तोंड नसतं."

"बरं. पाठीमागं काय आहे?"

दिवाकररावांनी डबा फिरवला. पाठीमागं साडीच्या दुकानाचं नाव होतं. अण्णांनी ते वाचलं.

"म्हणजे बापाकडचं कूळ लिहिलंस आणि आईकडचं सोडूनच दिलंस."

"कपाट भिंतीला लागून असतं, अण्णा."

अण्णांनी आता पहिल्यांदा डबा हातात घेतला. खिडकीतल्या आडव्या सुईवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखादा जुना यजमान भेटल्यासारखं हसू आलं.

"दिवा, मी पहाटे इगतपुरीला का जातो माहीत आहे?"

"यजमान उतरवून घ्यायला."

"नाशिकला उतरवून घ्यायला सगळेच असतात. मी इगतपुरीला गाडीत चढतो. मोठा यजमान पहिल्या वर्गात असतो. आपलं तिकीट पहिल्या वर्गाचं नाही, त्यामुळे आत बसायचं नाही. एका बाजूला त्यांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला चिंचोळी वाट. त्या वाटेत उभं राहायचं, खोलीचं दार उघडलं की नमस्कार करायचा, आपण कुठले म्हणून विचारायचं. ही दांडी." त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "हिला धरून मी तीस वर्षं उभा आहे. म्हणून तुला बाक दिसले नाहीत. इथं कुणी बसत नाही. हा तुझा पहिला वर्ग आहे, वाटेच्या बाजूनं."

दिवाकरराव म्हणाले की असं नाही. पहिला वर्ग आपल्याकडे आहे, एक नंबरला, त्याच्या खिडक्या जोडीजोडीनं आहेत. अण्णा म्हणाले, असतील. वाद घातला नाही. त्यांनी नेहमीसारखी प्रवासाची चौकशी केली आणि पोहे आणायला सांगितले. दिवाकरराव पोहे न खाता उठले.

घरी येऊन त्यांनी कपाटातून एक नंबरचा डबा काढला. हा त्यांनी कॅलेंडरवरच्या चित्रावरून केलेला, कारण फलाटावर पहिल्या वर्गासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की तपासनीस येऊन 'काय पाहिजे?' विचारतो. हा प्रश्न दिवाकररावांना सहन होत नसे. कचेरीत तो ते स्वतः लोकांना विचारत. त्यांनी एक नंबर आणि चोवीस नंबर पाठीला पाठ लावून टेबलावर ठेवले. दरवाज्याला दरवाजा आला. दुधी काचेमागं दुधी काच आली. लांबी केसाइतकी चुकली नाही. दोन अर्धे डबे मिळून एक पुरा डबा उभा राहिला.

"झाला की पूर्ण," श्यामलाबाई दारातून म्हणाल्या.

"कुणाला बोलू नकोस."

श्यामलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेल्या. दिवाकररावांनी दोन्ही डबे वेगळे केले. एक वरच्या फळीवर, एक खालच्या. मग चोविसाव्या डब्याचं कार्ड बोरूनं लिहिलं: 'प्रकार अज्ञात.' अक्षर पहिल्यांदाच बिघडलं.

प्रदर्शनाला शाळेचा हॉल भरून गेला. मधल्या टेबलाभोवती तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुंजारामभाऊ लोकांना डबा दाखवून खालच्या आवाजात सांगत होते की साहेब मान्य करत नाहीत, पण हा कांद्याचाच आहे. प्रमुख पाहुणे रेल्वेतले निवृत्त अधिकारी होते. ते टेबलासमोर थांबले. आता संपलं, असं दिवाकररावांना वाटलं. पाहुण्यांनी चोविसावा डबा हातात घेतला, खिडक्या मोजल्या, चष्मा वर करून बघितलं.

"पस्तीस वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले, "पण असला डबा मी कधी पाहिला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आता यात नवल काही नाही. जो जन्मभर पहिल्या वर्गात आत बसून गेला, त्यानं तो डबा बाहेरून, आणि तोही उलट्या बाजूनं, कशाला बघितलेला असतो? पण लोकांना हे कुठं माहीत. गोरक्ष भराभर लिहून घेत होता. डबे वाचले होते, नाव झालं होतं. दिवाकररावांनी मान वर केली, तर हॉलच्या दाराशी, छत्री टेकून, अण्णा उभे.

नऊ वर्षांत पहिल्यांदा अण्णा जेल रोडला आले होते. ते पुढे आले नाहीत. त्यांनी बोट दाखवलं नाही, तोंड उघडलं नाही. टाळ्या वाजत होत्या तर त्यांनीही दोनदा हात जुळवून वाजवल्या. दिवाकररावांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं राग नव्हता, चेष्टा नव्हती. ते आपल्या भावाला सांभाळून घेत होते. परक्या यजमानाचं वैगुण्य चारचौघांत झाकावं तसे ते गप्प होते, आणि हे मात्र दिवाकररावांना सोसलं नाही. आपण त्यांचे यजमान नाही, भाऊ आहोत, हे त्यांना त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं.

ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पाहुण्यांच्या हातातून चोविसावा डबा काढून घेतला, रांगेच्या पहिल्या टोकाचा एक नंबर उचलला आणि दोन्ही पाठीला पाठ लावून टेबलाच्या मधोमध ठेवले.

"हा पहिला वर्ग आहे," ते म्हणाले. "वाटेच्या बाजूनं. मला चार दिवसांपासून माहीत आहे. मी ओळखला नाही. ते दाराशी उभे आहेत ना, माझे थोरले बंधू, त्यांनी ओळखला."

पगारे सर पुढे येऊन दोन्ही बाजू बघून गेले आणि म्हणाले, "सिद्ध झालं." मग सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, कारण छापलेली प्रतिज्ञा सगळ्यांनी वाचलेली होती.

श्यामलाबाईंना वाटलं, अण्णा हसून म्हणतील की असू दे. पण अण्णा तीस वर्षं दान घेणारे गृहस्थ. देणारा देतो म्हणाला की त्याला आडवं जायचं नाही, हा त्यांचा धर्म. ते शांतपणे पुढे आले, छत्री पगारे सरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "कुणी तांब्याभर पाणी आणा."

आणि त्या हॉलमध्ये, चारशे माणसांसमोर, त्यांनी दिवाकररावांना पूर्वेकडे तोंड करून बसवलं. तळहातावर पळीभर पाणी घातलं. गोदावर्या दक्षिणे तीरे इथपर्यंत मंत्र सरळ गेला, पुढे क्षणभर अडून त्यांनी चतुर्विंशतिसंख्याकान् अग्निरथशकटान्, म्हणजे आगगाडीचे चोवीस डबे, असं खणखणीत म्हटलं, आणि शेवटी दिवाकररावांना म्हणायला लावलं, "न मम." दिवाकररावांनी पाणी सोडलं. माझं नाही, हे दोन शब्द बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे सात नंबरचा डबा होता. गोरक्षनं विचारलं की शास्त्रीबुवा, हे डबे आता पंचवटीला जाणार का?

"पंचवटीला कुठं ठेवणार?" अण्णा छत्री परत घेत म्हणाले. "आमच्याकडे ओल आहे, पुठ्ठा टिकायचा नाही. दान दिलेली गायसुद्धा कित्येकदा यजमानाच्याच गोठ्यात राहते. गाय ब्राह्मणाची, चारापाणी यजमानाचं. डबे याच्याकडेच राहतील. पण माल माझा आहे. तो नीट राखला जातो की नाही, ते मला येऊन बघावं लागेल."

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला ब्लॉकच्या जिन्यावर छत्रीची टकटक ऐकू आली. अण्णा वर आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि थेट कपाटासमोर जाऊन बसले. एक नंबरपासून त्यांनी प्रत्येक डबा मालकाच्या नजरेनं तपासला. अकरावर धूळ होती, त्याबद्दल दिवाकररावांना बोलणी बसली. पाच नंबरची मागची बाजू का नाही, म्हणून विचारणा झाली. "मला नाही दिसली कधी," असं दिवाकरराव म्हणाल्यावर, "मी सांगतो, कागद घे," म्हणून अण्णांनी ती बाजू तोंडी सांगितली आणि दिवाकररावांनी ती काढली. दोघांचं त्यात दोनदा कडाक्याचं भांडण झालं. जेवायला बसताना श्यामलाबाईंनी पाट मांडला तर अण्णा म्हणाले, टेबलावर का नाही बसत तुम्ही रोजच्यासारखे? आणि ते टेबलावर बसले. प्रवास कसा झाला, असं त्या दिवशी कुणीच कुणाला विचारलं नाही.

तेव्हापासून दर रविवार ठरून गेला. ग्रहण असो, लग्नसराई असो, यजमान असोत. अण्णा माल बघायला येणार, काहीतरी उणं काढणार, भांडणार, जेवून दुपारच्या बसनं जाणार. दोन-तीन आठवड्यांनी एका शनिवारी संध्याकाळी श्यामलाबाई ओलं फडकं घेऊन कपाट पुसायला लागल्या. मालकाचं बोलणं नको म्हणून त्यांनी एकेक डबा लख्ख केला. पंधरावर आल्या तेव्हा पेपर वाचत बसलेल्या दिवाकररावांनी मान वर केली.

"तो राहू दे," ते म्हणाले. "उद्या अण्णा यायचेत. त्यांना बोलायला काहीतरी हवं."